राहून गेलेला क्लॅप

१९७२ सालच्या १३ जानेवारीची रात्र. लॉस एंजेलिसच्या दक्षिण भागातलं न्यू टेंपल मिशनरी बाप्टिस्ट चर्च. इमारत मूळची सिनेमा थिएटरची, पुढे तिथे प्रार्थना होऊ लागली. त्या रात्री सिनेमा पुन्हा तिथे येऊन पोचला होता. खाली केबल्स पसरल्या होत्या, वर प्रखर दिवे होते आणि सोळा मिलिमीटरचे कॅमेरे घेतलेली माणसं मिळेल त्या कोपऱ्यात जागा धरून बसली होती. वेदीमागे येशूचं भलंमोठं भित्तिचित्र, त्याच्यापुढे चंदेरी जाकिटं घातलेला गायकवृंद. मग मागच्या बाजूने, बाकांच्या मधल्या वाटेने, पांढऱ्या चमकत्या झग्यातली २९ वर्षांची अरीथा फ्रँकलिन चालत पुढे आली आणि पियानोवर बसली.

सोल संगीताची सम्राज्ञी हे बिरुद तिला तेव्हाच चिकटलं होतं. ‘रिस्पेक्ट’ने १९६७ साली अमेरिकेत पहिला क्रमांक गाठला होता, पुढच्याच वर्षी ‘टाइम’च्या मुखपृष्ठावर तिचा चेहरा झळकला होता. आता ती बालपणीच्या चर्चसंगीताकडे वळली होती आणि तेही स्टुडिओत नव्हे, प्रार्थनेला बसलेल्या माणसांपुढे. सलग दोन रात्री ती गायली. ध्वनिमुद्रणातून त्याच वर्षी जून महिन्यात ‘अमेझिंग ग्रेस’ हा दुहेरी अल्बम निघाला. त्याला ग्रॅमी मिळालं, तो डबल प्लॅटिनम झाला आणि तिच्या साऱ्या कारकिर्दीतला सर्वाधिक खपाचा अल्बम ठरला. त्याच दोन रात्रींचा चित्रपट मात्र लोकांना पाहायला मिळाला तो २०१८ साली. मधली ४६ वर्षं गेली, आणि त्यांची सुरुवात एका अगदी साध्या चुकीपासून झाली: क्लॅप द्यायचा राहून गेला.

चित्रपटाच्या मुहूर्ताचे फोटो आपल्याकडे वर्तमानपत्रांतून येतात. त्यांत कुणीतरी पाहुणा हातात काळी-पांढरी पाटी धरून उभा असतो. ती पाटी शोभेची नाही. फिल्मच्या कॅमेऱ्यावर त्या काळी फक्त चित्र उमटायचं, आवाज वेगळ्या टेपवर जायचा. पाटीवर शॉटचा क्रमांक लिहिलेला असतो आणि वरची फळी खालच्या फळीवर आपटली की टेपवर ‘टक्’ असा आवाज नोंदला जातो. संकलक ज्या चौकटीत फळ्या भिडल्या ती चौकट शोधतो, टेपवरचा तो ‘टक्’ शोधतो आणि दोन्ही एकमेकांना लावतो. तिथून पुढे चित्र आणि आवाज हातात हात घालून चालतात. सोळा मिलिमीटरचं चारशे फुटी रीळ जेमतेम अकरा मिनिटं चालतं. म्हणजे दर अकरा मिनिटांनी प्रत्येक कॅमेऱ्यात नवं रीळ, आणि कॅमेरा बंद करून पुन्हा सुरू केला की नवा क्लॅप. चित्रीकरणाची सूत्रं होती सिडनी पोलॅककडे. ‘दे शूट हॉर्सेस, डोन्ट दे?’साठी त्याला दिग्दर्शनाचं ऑस्कर नामांकन मिळालेलं होतं, पण त्याचा हात कथापटांवर बसलेला. दोन रात्रींत सुमारे २० तासांचं चित्रीकरण झालं आणि त्याला लावायला क्लॅप नव्हते.

तरीही सगळं पुन्हा जुळवता आलं नसतं का? ते का जमलं नाही हे कळायला हे गाणं कसं चालतं ते आधी पाहावं लागतं. सोल गायकांच्या चित्रफिती पहिल्यांदाच पाहणाऱ्यालाही तिथूनच सुरुवात केलेली बरी.

कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या चर्चमधल्या गॉस्पेल गायनाचा बाज, त्याची हाक-प्रतिहाक, टाळ्या, अंगात भिनलेली लय, हे सारं उचलून जेव्हा प्रेमाच्या, विरहाच्या, संसाराच्या शब्दांना दिलं गेलं तेव्हा सोल जन्माला आलं. रे चार्ल्सने १९५४ साली ध्वनिमुद्रित केलेलं ‘आय गॉट अ वुमन’ एका गॉस्पेल गाण्याच्या साच्यावर बेतलेलं होतं आणि देवाच्या जागी त्याने एक बाई आणून ठेवली होती. अनेक श्रद्धाळूंना तो अधर्म वाटला. अरीथाच्या घरात मात्र दोन्ही सूर नांदत होते. तिचा जन्म १९४२ सालचा, मेम्फिसचा; वाढली डेट्रॉइटला. वडील रेव्हरंड सी. एल. फ्रँकलिन तिथल्या न्यू बेथेल बाप्टिस्ट चर्चचे पाद्री. त्यांची प्रवचनं ग्रामोफोन तबकड्यांवर निघत आणि देशभर खपत. साध्या बोलण्यातून सुरू झालेलं त्यांचं प्रवचन हळूहळू सुरावर चढत जाई, आणि समोरची माणसं प्रत्येक वाक्याला हुंकार, टाळी, कधी आरोळी देऊन ते आणखी वर नेत. कीर्तनात बुवांनी ओळ टाकावी आणि टाळकऱ्यांनी ती उचलून धरावी, हे ज्याने पाहिलं आहे त्याला हा व्यवहार लगेच ओळखू येईल.

अशा ठिकाणी गाणं आधी ठरलेलं नसतं. चाल ठरलेली, शब्द ठरलेले. पण एखादी ओळ तीनदा म्हणायची की तेरा वेळा, हे समोरच्या माणसांकडून येणाऱ्या उत्तरावर ठरतं. चौदा वर्षांची असताना अरीथाने वडिलांच्या चर्चमध्ये पहिली ध्वनिमुद्रणं केली, तेव्हापासून तिचं गाणं असंच होतं. कोलंबिया कंपनीत १९६० ते ६६ या काळात तिने बहुतांशी नेटक्या वाद्यवृंदाबरोबर नेटकी गाणी म्हटली आणि तो काळ तिला फारसा मानवला नाही. ॲटलांटिक कंपनीच्या जेरी वेक्सलरने तिला पुन्हा पियानोवर बसवलं आणि वादकांना तिच्या मागे जायला सांगितलं. ‘रिस्पेक्ट’ मूळचं ओटिस रेडिंगचं, १९६५ सालचं. ते तिने असं काही फिरवलं की मूळ कुणाचं हे आज सांगावं लागतं.

आपल्या सिनेमाच्या सवयीने पाहणाऱ्याला इथे एक अडचण येते. गाणं आधी मुद्रित करायचं आणि नट-नटीने मागाहून त्यावर ओठ हलवायचे, हे आपल्याला इतकं अंगवळणी पडलं आहे की त्यात काही विशेष वाटत नाही. सोल गायकाला नेमकं हेच अवघड जातं. तो काल जसं गायला तसं आज गात नाही. त्यामुळे सोलच्या चित्रफितींचा इतिहास म्हणजे बराचसा आवाज आणि चित्र यांचा मेळ बसवण्याच्या खटपटीचा इतिहास आहे. जिथे कॅमेरा आवाजामागे धावला तिथे त्या चित्रफिती अमर झाल्या. जिथे आवाजाने कॅमेऱ्याचं ऐकावं अशी अपेक्षा झाली, तिथे पाहायला पुष्कळ आहे पण अंगावर काटा येत नाही.

पहिल्या प्रकारची सुरुवात म्हणून १९६४च्या ऑक्टोबरमधला ‘टी.ए.एम.आय. शो’ दाखवता येईल. कॅलिफोर्नियात सँटा मोनिका इथल्या सभागृहात हा कार्यक्रम इलेक्ट्रॉनिक कॅमेऱ्यांनी टिपला गेला आणि मग फिल्मवर उतरवून थिएटरांत लागला. त्यात जेम्स ब्राऊन गुडघ्यांवर कोसळतो, सहकारी त्याच्या खांद्यांवर झगा टाकून त्याला आत नेऊ लागतात, तो झगा झटकून पुन्हा माइककडे धावतो. असं पुन्हा पुन्हा होतं. त्याच्यानंतर मंचावर येण्याचं अवघड काम रोलिंग स्टोन्स या तरुण इंग्रज बँडकडे होतं. १९६७च्या जूनमध्ये माँटेरीच्या महोत्सवात माहितीपटकार डी. ए. पेनबेकरने ओटिस रेडिंगला टिपलं. एका गाण्यात कॅमेरा ओटिसच्या थेट मागे आहे, समोरचा मंचदिवा सरळ भिंगात शिरतो, ओटिसचं डोकं त्या झोतात येतं-जातं आणि मधूनच सगळा पडदा पांढराफटक होतो. स्टुडिओत असा शॉट कुणी ठेवला नसता. सहा महिन्यांनी, डिसेंबरात, विमान अपघातात ओटिस गेला तेव्हा तो २६ वर्षांचा होता.

अरीथाच्या त्या काळातल्या चित्रफिती अमेरिकेपेक्षा युरोपच्या दूरचित्रवाणीने अधिक आस्थेने जपल्या. १९६८च्या वसंतात ती पहिल्यांदा युरोपच्या दौऱ्यावर गेली. पॅरिसच्या ऑलिंपियातल्या मैफलीचा अल्बम निघाला, ॲमस्टरडॅमच्या कॉन्सर्टगेबाउ सभागृहातल्या मैफलीचं कृष्णधवल चित्रीकरण झालं. एरवी पाश्चात्त्य अभिजात संगीत ऐकणाऱ्या त्या सभागृहात ही २६ वर्षांची मुलगी येते आणि पहिल्या काही मिनिटांत ती जागा स्वतःची करून टाकते. कॅमेरे थोडे, त्यांची हालचाल मर्यादित, आणि तेच फार बरं झालं. तिचा जबडा कसा उघडतो, वरच्या सुराआधी मान किंचित कशी वळते, हे सलग बघता येतं.

१९७२ साली वॉर्नर ब्रदर्सला चर्चमधल्या ध्वनिमुद्रणाचा चित्रपट काढावासा वाटला त्यामागे ‘वुडस्टॉक’ होता. १९७०च्या त्या चित्रपटाने संगीताच्या माहितीपटातून पैसा मिळतो हे कंपनीला दाखवून दिलं होतं आणि ॲटलांटिक ही वॉर्नरच्याच कुटुंबातली कंपनी होती. हा नवा चित्रपट ‘सुपर फ्लाय’ या चित्रपटाबरोबर जोडीने दाखवायचा असा बेत होता. पण चित्र आणि आवाज जुळेनात. ओठांच्या हालचालीवरून शब्द ओळखणारे जाणकार आणले गेले. गायकवृंदाचा संचालक अलेक्झांडर हॅमिल्टन यालाही बसवलं गेलं, कारण त्याला प्रत्येक जागा पाठ. पण गॉस्पेलमध्ये तीच ओळ दहादा येते, टाळ्या अखंड चालू असतात, एक स्वर कितीतरी वेळ ओठ न हलवता लांबवलेला असतो आणि गाणारीचे डोळे बहुतेक वेळ मिटलेले. कुठल्या रिळातली टाळी टेपवरच्या कुठल्या टाळीची, हे ठरवायचं कसं? अखेर डबे वॉर्नरच्या गोदामात गेले.

त्याच वर्षी, त्याच शहरात, अवघ्या सात महिन्यांनी आणखी एक सोलचा चित्रपट टिपला गेला आणि तो व्यवस्थित बाहेरही आला. २० ऑगस्ट १९७२ रोजी लॉस एंजेलिसच्या कोलिझियम मैदानात स्टॅक्स या ध्वनिमुद्रण कंपनीच्या कलाकारांनी दिवसभर गाणी सादर केली. तिकीट फक्त एक डॉलर होतं, माणसं लाखाच्या घरात जमली. मेल स्टुअर्टचा ‘वॉटस्टॅक्स’ हा चित्रपट गाण्यांइतकाच वॉट्स वस्तीतल्या माणसांच्या गप्पांनी भरलेला आहे. आणि जिचं चित्रीकरण डब्यांत पडून राहिलं अशी अरीथा एकटी नव्हती. १९६९च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये झालेल्या महोत्सवाचं सुमारे ४० तासांचं चित्रीकरण हाल टल्चिन याने केलं होतं. त्याला गिऱ्हाईक मिळालं नाही. त्या फिती पन्नास वर्षं तळघरात राहिल्या आणि २०२१ साली संगीतकार क्वेस्टलव्हने त्यांतून ‘समर ऑफ सोल’ घडवला, ज्याला पुढच्या वर्षी ऑस्कर मिळालं. तिथे क्लॅपचा प्रश्न नव्हता. कृष्णवर्णीय माणसं आनंदाने, शांतपणे, हजारोंनी एकत्र आलेली दाखवण्यात कुणाला रस नव्हता. ही उपेक्षा क्लॅपच्या चुकीपेक्षा जास्त टोचते.

अरीथा मोठ्या पडद्यावर दिसली ती १९८० साली, आणि चर्चमधून नव्हे तर शिकागोतल्या एका खानावळीतून. जॉन लँडिसच्या ‘द ब्लूज ब्रदर्स’मध्ये ती खानावळीची मालकीण आहे. अंगात वेट्रेसचा गणवेश, पुढे डागाळलेला ॲप्रन, पायांत गुलाबी सपाता. गिटार वाजवणारा नवरा बँडबरोबर निघून जायला बघतो आणि ती त्याला ‘थिंक’ हे स्वतःचंच १९६८ सालचं गाणं सुनावते. काउंटरवर जेवायला बसलेल्या तीन बायका गिरकी घेऊन मागचे सूर धरतात. त्यांतली एक अरीथाची सख्खी धाकटी बहीण कॅरोलिन. भांडी घासणारा लू मरिनी सॅक्सोफोन घेऊन काउंटरवर चढतो आणि काही क्षण त्याचं डोकंच चौकटीच्या बाहेर जातं. काही मिनिटांचा हा प्रसंग नवख्या माणसाला पहिल्यांदा दाखवावा. भाषा कळली नाही तरी बाई काय म्हणते आहे ते कळतं.

पण बारकाईने पाहिलं तर इथेही तोच जुना प्रश्न दिसतो. गाणं आधी मुद्रित झालेलं होतं, अरीथाला त्यावर ओठ हलवायचे होते. ते तिला जमेना, कारण ती प्रत्येक टेकला गाणं नव्याने म्हणू लागे. पुष्कळ टेक घ्यावे लागले आणि संकलनात सांधे जुळवावे लागले, हे लँडिसने पुढे सांगितलं आहे. याच चित्रपटात जेम्स ब्राऊन पाद्री होऊन ‘द ओल्ड लँडमार्क’ गातो आणि त्याला साथ आहे रेव्हरंड जेम्स क्लीव्हलँडच्या गायकवृंदाची. हेच गाणं, हाच क्लीव्हलँड, १९७२ साली न्यू टेंपल चर्चमध्ये अरीथाबरोबर होता. ते मूळ दृश्य गोदामात बंद असताना त्याचा हा नातलग जगभरच्या थिएटरांत नाचत होता.

एम टीव्ही १ ऑगस्ट १९८१ रोजी सुरू झालं. सुरुवातीची काही वर्षं कृष्णवर्णीय कलाकारांना त्या वाहिनीवर फारशी जागा नव्हती, यावरून उघड टीका झाली आणि १९८३ साली मायकल जॅक्सनने ती कोंडी फोडली. चाळिशी ओलांडलेल्या अरीथासाठी ही दुनिया नवी होती. वडिलांना १९७९ साली घरात शिरलेल्या चोरट्यांनी गोळ्या घातल्या होत्या. पाच वर्षं ते बेशुद्धावस्थेत होते आणि १९८४ साली गेले. या काळात ती पुन्हा डेट्रॉइटला राहायला आली. शिवाय एका छोट्या विमानातल्या भयंकर प्रवासानंतर तिने विमान जे सोडलं ते कायमचं. त्यामुळे ज्यांना तिचा व्हिडिओ हवा असेल त्यांनी तिच्या गावी यायचं, असं होऊ लागलं.

‘फ्रीवे ऑफ लव्ह’चा १९८५चा व्हिडिओ म्हणूनच डेट्रॉइटचा आहे, मोटारींच्या शहराचा. बराचसा कृष्णधवल, आणि सॅक्सोफोनवर धिप्पाड क्लॅरेन्स क्लेमन्स. गाणं अमेरिकेच्या यादीत तिसऱ्या क्रमांकावर गेलं. पुढच्या वर्षी ‘जंपिंग जॅक फ्लॅश’ आलं. निर्माता रोलिंग स्टोन्सचा कीथ रिचर्ड्स, व्हिडिओत सोबतीला अभिनेत्री व्हूपी गोल्डबर्ग. त्यानंतर जॉर्ज मायकलबरोबरचं ‘आय न्यू यू वेअर वेटिंग’. १९८७ साली या गाण्याने ब्रिटन आणि अमेरिका दोन्हीकडे पहिला क्रमांक गाठला. अमेरिकेच्या मुख्य यादीत ‘रिस्पेक्ट’नंतर वीस वर्षांनी तिला तो मिळत होता. या व्हिडिओंनी तिला नवी पिढी मिळवून दिली, ही गोष्ट लहान नाही. तरी आवाज बंद करून त्यांतलं कुठलंही एक पाहावं: ओठ मुद्रित गाण्याबरोबर चालतात, पण खांदे, हात, भुवया त्याच्या पुढे निघून गेलेल्या असतात. ती मनात दुसरंच काहीतरी गात असते.

ती थेट गायली की चित्र बदलायचं. १९९८चा ग्रॅमी समारंभ त्याचा दाखला आहे. ऑपेरा गायक लुचानो पावारोत्ती आजारी पडल्याचं ऐन वेळी कळलं. पुच्चिनीच्या ऑपेरातलं ‘नेस्सुन दोर्मा’ आता कोण गाणार? जेमतेम वीस-पंचवीस मिनिटं आधी विचारणा झाली आणि अरीथा हो म्हणाली. पावारोत्तीसाठी बसवलेल्या पट्टीतच, त्याच्यासाठी बसवलेल्या वाद्यवृंदाबरोबर ती गायली. दोनच दिवस आधी पावारोत्तीच्या सन्मानाच्या कार्यक्रमात तिने हे गाणं म्हटलं होतं, तेवढीच तयारी. ऑपेराच्या शिस्तीत बसणारं ते गाणं नाही. ते डेट्रॉइटच्या पाद्र्याच्या मुलीने केलेलं निवेदन आहे, आणि इटालियन शब्दांमधून चर्चचे सूर स्वच्छ ऐकू येतात.

दुसरा दाखला २०१५च्या केनेडी सेंटर सन्मान सोहळ्याचा. ज्यांचा गौरव होत होता त्यांत कॅरोल किंग होती. ‘अ नॅचरल वुमन’ हे १९६७चं गाणं लिहिणाऱ्यांपैकी एक. ७३ वर्षांची अरीथा पायघोळ फरकोट घालून मंचावर येते, हातातली पर्स पियानोवर ठेवते आणि स्वतःच वाजवत गाऊ लागते. सज्जात कॅरोल किंग दोन्ही हात डोक्याला लावते. राष्ट्राध्यक्ष ओबामा डोळा पुसतात. मग ती पियानोवरून उठते, मंचाच्या मध्यावर येते आणि शेवटच्या चढाच्या आधी खांद्यावरचा कोट सरळ जमिनीवर सोडून देते. सभागृह उभं राहतं. कोट टाकणं हा नुसता नखरा म्हणता येईल. पण खांदे मोकळे झाल्यावर निघालेला सूर ऐकावा.

एव्हाना न्यू टेंपलच्या डब्यांवर ॲलन एलियट नावाचा निर्माता झपाटल्यासारखा काम करत होता. तो पूर्वी ॲटलांटिकमध्ये होता आणि या चित्रीकरणाची गोष्ट त्याने खुद्द वेक्सलरकडून ऐकली होती. २००७ साली त्याने हक्क विकत घेतले. पोलॅक तेव्हा कर्करोगाने आजारी होता, २००८च्या मे महिन्यात तो गेला. जे काम ओठ वाचणाऱ्यांना जमलं नव्हतं ते आता डिजिटल तंत्राने जमलं. चित्रपट तयार झाला, पण अडला. आपल्या परवानगीवाचून आपली प्रतिमा दाखवता येणार नाही, असं सांगत अरीथा २०११ साली न्यायालयात गेली. २०१५ साली टेलुराइडच्या महोत्सवात दाखवायचा ठरला तेव्हा ऐन वेळी न्यायालयाची मनाई आली. चित्रपट तिला आवडला होता असं ती स्वतः म्हणाली होती. तरीही तिने संमती दिली नाही. चाहत्यांना याचं वाईट वाटलं. पण तिच्या पिढीतल्या किती कृष्णवर्णीय गायकांना आपल्या आवाजाचा, आपल्या चेहऱ्याचा हिशेब कधी मिळालाच नाही, हे आठवलं की तिचा हट्ट समजतो. मैफलीचे पैसे ती रोख, गाण्याआधी घ्यायची आणि ती पर्स मंचावर नजरेसमोर ठेवायची, ही तिची ख्याती होती.

१६ ऑगस्ट २०१८ रोजी डेट्रॉइटमध्ये तिचं निधन झालं. कुटुंबाने संमती दिली. १२ नोव्हेंबरला न्यूयॉर्कच्या माहितीपट महोत्सवात ‘अमेझिंग ग्रेस’ पहिल्यांदा दाखवला गेला.

तो जवळपास दीड तासाचा आहे आणि त्यात अरीथा जवळजवळ बोलतच नाही. बोलतो क्लीव्हलँड. लहानपणी तिला पियानोच्या वाटेवर आणणारा हा माणूस कार्यक्रमाचे धागे हातात ठेवतो, लोकांना हसवतो, ही ध्वनिमुद्रणाची बैठक असली तरी हे चर्च आहे याची आठवण देतो. बर्नार्ड पर्डीचे ड्रम्स आणि चक रेनीचा बास तिच्या नेहमीच्या सोल बँडमधले. शब्द बदलले, लय तीच. अलेक्झांडर हॅमिल्टन सगळं शरीर वापरून गायकवृंदाला उचलतो, बसवतो. चित्रीकरण सफाईदार नाही. फोकस जातो, कॅमेरामन एकमेकांच्या चौकटीत येतात, पोलॅक स्वतः हातवारे करत ‘तिकडे वळव’ असं खुणावताना दिसतो. हे सगळं ठेवलं आहे, आणि ते ठेवलं म्हणून त्या खोलीत आपण बसलो आहोत असं वाटतं.

पहिल्या रात्रीचा कळस म्हणजे शीर्षकगीत. अरीथा एकेक शब्द इतका लांबवते, इतका फिरवते की ओळ संपायला मिनिट लागावं. मागे गायकवृंदातल्या बायका एकेक करून उभ्या राहतात. क्लीव्हलँड पियानोवरून उठतो, बाजूला जाऊन बसतो आणि तोंड रुमालात लपवून रडतो. कॅमेरा त्याच्याकडे वळतो आणि पुन्हा तिच्याकडे येतो. ती घामाने न्हालेली, डोळे मिटलेले. तिला हे काही दिसत नसतं.

दुसऱ्या रात्री गर्दी वाढलेली आहे. मागच्या ओळीत रोलिंग स्टोन्सचे मिक जॅगर आणि चार्ली वॉट्स उभे राहून टाळ्या वाजवत आहेत. पुढच्या ओळीत सी. एल. फ्रँकलिन येऊन बसतात आणि त्यांच्या शेजारी क्लारा वॉर्ड, जिचं गाणं ऐकत अरीथा मोठी झाली. वडिलांना बोलायला बोलावतात. मुलगी चर्च सोडून गेली असं म्हणणाऱ्यांना ते तिथेच उत्तर देतात, की ती कधी गेलीच नव्हती. तिच्यावर संस्कार करणाऱ्यांत ते गॉस्पेल गायिका महालिया जॅक्सनचं नाव घेतात. दोन आठवडे व्हायच्या आत, २७ जानेवारीला, महालिया गेली आणि शिकागोत तिच्या अंत्यसंस्काराला अरीथा गायली.

चित्रपटाच्या शेवटाकडे ती पुन्हा पियानोवर बसते. गाणं आहे ‘नेव्हर ग्रो ओल्ड’, चौदाव्या वर्षी वडिलांच्या चर्चमध्ये मुद्रित केलेलं. वादक जवळजवळ थांबलेले आहेत, फक्त पियानो आणि ती. घाम कपाळावरून डोळ्यांत उतरतो आहे. वडील जागेवरून उठतात, तिच्याजवळ येतात, हातरुमाल काढतात आणि ती गात असतानाच तिचा चेहरा टिपून देतात. आधी कपाळ, मग गाल. तिचे हात पट्ट्यांवरून हलत नाहीत, सूर तुटत नाही.